घोड्याची शेपटी हिशेबात धरली जाणार नाही

ट्रेसरबाईंचा रविवार गेला तो अर्ध्या इंचामुळे.

रविवार म्हणजे सबंध रविवार नव्हे. तेवढी चैन कुठल्या बाईच्या नशिबी असते? त्यांचा रविवार होता दुपारी एक ते पाच. चौतीस वर्षं नकाशांच्या ऑफिसात मान खाली घालून, दुसऱ्यांनी काढलेल्या पुलांच्या आणि धरणांच्या आकृत्या त्यांनी शाईने गिरवल्या होत्या. निवृत्त झाल्यावर हातात काय आलं, तर हे चार तास. त्या चार तासांत त्या आतल्या खोलीचं दार लावून पलंगावर पडत आणि काहीही करत नसत. काही न करणं हेच त्यांचं काम होतं, आणि ते त्या फार मन लावून करत.

हे जमत होतं, कारण त्याच वेळी बाहेरच्या खोलीत जेवणाच्या टेबलावर त्यांचे यजमान लढाई करत असत. यजमान निवृत्त पोस्टमास्तर. शत्रूपक्षाला दातांचे डॉक्टर, तेही तितकेच जुने. दोघांकडे बोटाच्या पेराएवढे शिशाचे सैनिक होते, घोडेस्वार होते, चिमुकल्या तोफा होत्या. डॉक्टर दात कोरायच्या सुईने सैनिकांच्या कोटाची बटणं रंगवत, ती मोजता येत. लढाईचं एक नियमांचं पुस्तकही होतं. पायदळाने एका खेपेला सहा इंच चालायचं, घोड्यांनी बारा, तोफेचा गोळा चोवीस इंचांपर्यंत जायचा. हे सगळं टेपने मोजायचं. दोन शहाणी, पेन्शनीच्या वयाची माणसं टेबलावर ओणवी होऊन टेप लावत आहेत, हे दृश्य पाहून नवीन माणसाला वाटे, इथे पडद्यांचं माप घेणं चाललंय.

तर त्या रविवारी डॉक्टरांचा घोडा पोस्टमास्तरांच्या तोफेपर्यंत पोचला की नाही, यावरून वाजलं. डॉक्टरांनी घोड्याच्या नाकापासून मापलं, पोस्टमास्तरांनी स्वाराच्या बुटापासून. फरक अर्ध्या इंचाचा. पोस्टमास्तर म्हणाले, "तुम्ही टेप ओढलात." डॉक्टर म्हणाले, "दाढ काढताना माझा हात हलत नाही, तो टेप धरताना हलेल?" पोस्टमास्तर म्हणाले, "माझी दाढ काढलीत तेव्हा हलला होता." त्यावर डॉक्टरांनी आपलं सैन्य कापसाच्या पेटीत निजवलं, पेटी काखेत मारली आणि ते जिना उतरले. ते पुन्हा आले नाहीत.

पुढच्या रविवारी पोस्टमास्तर स्वयंपाकघरात आले.

त्यांना काही वाईट करायचं नव्हतं, हे बाईंनी नंतर पुष्कळदा सांगितलं. रिकामा माणूस, आयुष्यभर पत्रं खणांत टाकलेली. समोर फळ्या आणि डबे दिसल्यावर हात स्वस्थ कसे राहणार? त्यांनी सगळे डबे अक्षरांच्या क्रमाने लावले. साखरेशेजारी साबण आला. मीठ आणि मेणबत्त्या एका खणात गेल्या. प्रत्येक डब्यावर त्यांनी आत माल भरल्याची तारीख लिहिली आणि संशयास्पद डब्यांवर 'चौकशी व्हावी' असं लिहिलं. तिसऱ्या रविवारी ते आतल्या खोलीचं दार उघडून विचारू लागले, "अगं, झोपलीस का?" ज्या माणसाला चौतीस वर्षांनी दुपारची झोप मिळाली आहे त्याला हा प्रश्न विचारू नये.

"तुम्ही डॉक्टरांकडे जा आणि मिटवून टाका," बाई म्हणाल्या.

"माप चुकीचं त्यांचं, आणि जाऊ मी?"

समोरच्या दारात विमावाली राहत असे. इमारतीत कुणाचं काही बिघडलं की तिला दाराआडून कळे. ती म्हणाली, "दोघांना एका खोलीत कोंडा आणि बाहेरून कडी लावा. माझ्या नणंदा अशाच बोलायला लागल्या."

"आणि नाही बोलले तर?"

"तर निदान ते कोंडलेले तरी असतील."

हा सल्ला बाईंना आवडला होता, पण घरातल्या एकाच खोलीला बाहेरून कडी होती आणि ती खोली म्हणजे त्यांची स्वतःची. तेव्हा त्यांनी विचार केला. भांडण कशावरून? मोजण्यावरून. मोजणंच नसेल तर? टेबलावर चौकोन आखावेत, दोन इंचांना एक चौकोन. पायदळ तीन चौकोन, घोडा सहा, तोफ बारा. घोडा चौकोनात आहे किंवा नाही. अर्धा घोडा कुठेच नाही. इतकी साधी गोष्ट या दोन पुरुषांना वीस वर्षांत सुचू नये, याचं त्यांना नवल वाटलं नाही.

त्यांनी जुनी पेनं काढली, ट्रेसिंगचा कागद ताणून बसवला आणि नियम नव्याने लिहायला घेतले. एका पानात संपेल असं वाटलं होतं.

पहिली अडचण कोपऱ्यावर आली. सरळ जाणारा शिपाई तीन चौकोन चालतो आणि कोपऱ्यातून तिरका जाणाराही तीनच चौकोन. पण तिरक्याची जमीन जास्त तुडवून होते. म्हणजे जो तिरका चालेल त्याला फुकटची दौड. बाईंनी कर्णाची लांबी काढली आणि नियम केला: पहिलं तिरकं पाऊल एक धरावं, दुसरं दोन, तिसरं पुन्हा एक. पोस्टमास्तरांनी ते वाचून विचारलं, "शिपायाला हे लक्षात राहील?"

दुसरी अडचण कागदी चौकोनांवर घोडा उभा करून पाहिला तेव्हा आली. घोड्याचं धड एका चौकोनात आणि शेपटी मागच्या चौकोनात.

"मागच्या चौकोनात गोळा पडला तर घोडा मेला का?" पोस्टमास्तरांनी विचारलं. गेल्या कित्येक दिवसांत त्यांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला होता.

"शेपटीला गोळा लागून कुणी मरतं का?"

"माणूस असता तर नसता मेला. घोड्याचं मला माहीत नाही."

बाईंनी नियम नववा लिहिला: 'घोड्याची शेपटी हिशेबात धरली जाणार नाही.' मग तोफेचा निशाणा टेकडीच्या आडून कसा धरायचा त्याचा चौदावा नियम झाला. नदीचे तीन झाले, जंगलाचे चार. एका पानाची अकरा पानं झाली, सुवाच्य अक्षरांत, समासासकट. आता इतकं केल्यावर नुसते आखलेले चौकोन काय शोभा देणार? बाईंनी ठरवलं की लाकडी चौकोन कापून घ्यायचे. कुणावर नदी रंगवायची, कुणावर रान, काही टेकडीसारखे उंच. हवे तसे मांडावेत, दर खेपेला नवा प्रदेश. आडवे अठरा, उभे बारा, एकूण दोनशे सोळा. टेबलावर नीट बसतील.

इथे त्यांच्या ऑफिसची एक रीत सांगायला हवी. त्या ऑफिसात आकड्यापुढे एकक लिहिणं हा अडाणीपणा समजला जाई. सगळी मापं मिलिमीटरमध्ये, आणि तसं एकदाच, पहिल्या पत्रकाच्या कोपऱ्यात लिहायचं. बाकीच्या पत्रकांवर 'सर्वसाधारण टिपा पत्रक एकवर पाहाव्यात' एवढंच. बाईंनी चौकोनाची आकृती दुसऱ्या पत्रकावर काढली. बाजू ५०, जाडी ६. सुरेख आकृती. पहिलं पत्रक मूळ प्रत म्हणून घरात जपून ठेवलं, कारण मूळ प्रत कुणाला द्यायची नसते, आणि दुसरं सुताराकडे पाठवलं.

सुतार सुतात मोजतो. आठ सूत म्हणजे एक इंच. त्याला पन्नास दिसले, त्याने पन्नास सूत धरले. सहा दिसले, सहा सूत धरले. टीप पाहायला पत्रक एक त्याच्याकडे नव्हतं, आणि असतं तरी त्याने ते पाहिलं असतं असं नाही.

दहा दिवसांनी इमारतीखाली हातगाडी उभी राहिली. तिच्यावर पाच पोती होती. दोन माणसं एकेक पोतं पाठीवर घेऊन तीन मजले चढली. खालच्या मजल्यांवरून माणसं डोकावू लागली. सुताराने पोत्यातून एक चौकोन काढून बाईंच्या हातात दिला. सव्वासहा इंच लांब, सव्वासहा इंच रुंद, पाऊण इंच जाड. त्यावर ताट ठेवता आलं असतं.

बाईंना तो हातात घेताक्षणी सगळं कळलं. चूक कुठल्या पत्रकावर झाली तेसुद्धा कळलं.

"बरोबर आहे ना, बाई?" सुतार म्हणाला. "आयुष्यात इतके चौकोन कापले नव्हते. एकावर एक ठेवून बघा, केसाचा फरक निघायचा नाही. कडासुद्धा घासून दिल्यात. असं कागदावर काढून देणारं गिऱ्हाईक आम्हाला कुठे मिळतं?"

दारात विमावाली उभी होती. जिन्यात चार माणसं होती. चौतीस वर्षं ज्या बाईने इंजिनियरांच्या चुका लाल पेन्सिलीने वर्तुळात बसवल्या होत्या, तिने त्या चार माणसांदेखत, कंपासपेटीसारखा चेहरा करून उत्तर दिलं.

"बरोबर आहे. असेच हवे होते."

आणि त्या वाक्याने त्यांचा पुढचा महिना ठरला.

दोनशे सोळा चौकोन मांडले तर नऊ फूट साडेचार इंच लांब आणि सव्वासहा फूट रुंद जागा लागत होती. बाहेरची खोली तेवढी होती, पण मग माणसांनी कुठे उभं राहायचं? रंगवलेली नदी पायपुसण्यापाशी सुरू होऊन चपलांच्या कपाटाखाली गेली. राहिली गच्ची. ती त्यांच्या डोक्यावरच होती आणि कुणी वापरत नव्हतं, पण तिला कुलूप होतं आणि कुलपाला सेक्रेटरी होते.

सेक्रेटरींनी छापील अर्ज दिला. गच्ची कशासाठी हवी, या प्रश्नापुढे चार रकाने होते: लग्न, वाढदिवस, शोकसभा, टाकीची दुरुस्ती. बाईंनी खाली पाचवी ओळ स्वतः आखली आणि लिहिलं: लढाई, दोन व्यक्ती.

"बाई, असं कसं चालेल?" सेक्रेटरी म्हणाले. "दोन व्यक्तींच्या लढाईला परवानगी दिली, तर पहिल्या मजल्यावरचे दोघे भाऊ उद्याच अर्ज घेऊन येतील."

"खेळ आहे हो. शिशाचे सैनिक."

"तोफा आहेत का?"

"आहेत. दोन इंचांच्या."

"म्हणजे आहेत," असं म्हणून त्यांनी ते लिहून घेतलं.

मग बारा बिऱ्हाडांच्या हरकत नसल्याच्या सह्या लागल्या. प्रत्येक सहीबरोबर एक सल्ला मिळाला. एकाने चौकोनांऐवजी षट्कोन का केले नाहीत असं विचारलं. त्याच्याकडे पाहून बाईंना वाटलं, याने सही केली नसती तरी चाललं असतं. विमावालीने सही करता करता विचारलं की दोघांचे विमे चालू आहेत ना. सह्या झाल्या, तरी रकाना मिळेना. सेक्रेटरी तीन दिवस विचार करत होते. शेवटी त्यांनी टाकीच्या दुरुस्तीच्या रकान्यात खूण केली आणि म्हणाले, "कागद पुरा पाहिजे. आत काय चाललंय ते कोण बघतो?"

आता राहिले डॉक्टर. त्यांना आणायला बाई दवाखान्यात गेल्या. नुसतं भेटायला गेलं तर ते भेटणार नाहीत, म्हणून दात दुखतोय असं सांगून गेल्या. डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत आडवं केलं, आ करायला लावला, तोंडात कापूस, आरसा आणि आणखी दोन वस्तू घातल्या आणि मग अर्ध्या इंचाची हकीगत पहिल्यापासून सांगितली. समेटाचा प्रस्ताव मांडायला आलेल्या बाईंना वीस मिनिटं 'आ' याखेरीज काही म्हणता आलं नाही. मधे डॉक्टर म्हणाले, "वहिनी, तुमची डावीकडची दाढ खरंच किडलीय," आणि त्यांनी ती भरूनही टाकली.

तोंड मोकळं झाल्यावर बाईंनी अर्ध्या बधिर ओठांनी अकरा पानं पुढे केली. डॉक्टरांनी ती चाळली. नवव्या नियमापाशी ते थांबले.

"हा शेपटीचा नियम न्याय्य आहे," ते म्हणाले. "मी येईन. पण मी त्यांच्याशी बोलणार नाही."

"बोला कोण म्हणतंय? लढा."

रविवारी एक वाजता गच्चीवर रणांगण मांडलं होतं. हे आता कुणाला सांगून खरं वाटत नाही, पण ते फार देखणं होतं. हिरवे, करडे, निळे चौकोन, मधून वाहत गेलेली नदी, दोन टेकड्या. आणि गंमत म्हणजे मापाची चूक होऊन झालं होतं ते चांगलंच. त्या दोन इंचांच्या चौकोनात घोडा मावत नव्हता, या चौकोनात घोड्यांची अख्खी तुकडी शेपट्यांसकट मावत होती. एक चौकोन, एक तुकडी. भांडायला जागाच नव्हती. बाईंनी खुर्ची मधोमध टाकली आणि नियमांची पानं मांडीवर घेतली. पंधरा मिनिटं बघायचं, सुरळीत चाललं की खाली जाऊन पडायचं, असा बेत होता.

"वहिनी," डॉक्टर म्हणाले, "पोस्टमास्तरांना सांगा, माझे घोडे निघाले."

"अगं," पोस्टमास्तर म्हणाले, "त्यांना सांग, दिसतंय मला."

दोघं चार फुटांवर उभे होते. बाईंनी दोन्ही निरोप पोचवले.

तेवढ्यात खालून बादल्यांचा आवाज येऊ लागला. झालं होतं असं, की रकान्यातली खूण पाहून फळ्यावर सूचना लागली होती: टाकीच्या दुरुस्तीसाठी रविवारी एक ते पाच पाणी बंद. रखवालदाराने सूचना वाचली आणि इमानाने चावी बंद केली. आता दुरुस्ती कुठवर आली ते विचारायला एकेक बिऱ्हाड वर येत होतं. सेक्रेटरी स्वतः अर्ध्या दाढीला साबण लावून आले आणि विचारू लागले, "ही सूचना कुणी लावली?" विमावाली म्हणाली, "खाली सही तुमचीच आहे." ते काही बोलणार, इतक्यात डॉक्टरांच्या घोड्यांनी नदी ओलांडली आणि सगळे तिकडे पाहू लागले. माणसं बादल्या पालथ्या घालून त्यांच्यावर बसली.

डॉक्टरांनी घोडे कोपऱ्यातून तिरके नेले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

"चारच," बाई म्हणाल्या. "तिरकं दुसरं पाऊल दोन धरायचं. नियम सहावा."

"वहिनी, घोडा आहे तो. त्याला कर्ण माहीत नाही."

"तुम्हाला माहीत आहे. दोन चौकोन मागे."

डॉक्टरांनी घोडे मागे घेतले. पोस्टमास्तर गालातल्या गालात हसले, आणि त्यांनी तोफ डागली. बाईंनी चौकोनाच्या मध्यापासून मध्यापर्यंत दोरा धरला. दोरा टेकडीच्या कोपऱ्याला चाटून गेला.

"गोळा लागला नाही. रेषेने टेकडीला नुसता स्पर्श केला तरी टेकडी आडवी आली असं समजावं. नियम चौदावा."

"अगं, नुसता कोपरा लागलाय."

"स्पर्श म्हणजे स्पर्श."

त्यानंतरच्या अर्ध्या तासात डॉक्टर तीनदा मागे गेले, पोस्टमास्तरांचे चार गोळे वाया गेले आणि एक पायदळ रान ओलांडायचा परवाना नसल्यासारखं रानाच्या कडेला तिष्ठत राहिलं. बाई पानं उलटून नियम वाचत होत्या. आवाज खणखणीत होता. लाल पेन्सिल हातात असल्यासारखं त्यांना वाटत होतं. खरं सांगायचं तर खाली जाऊन पडायचं होतं हे त्या विसरल्या होत्या.

सहाव्या गोळ्याला पोस्टमास्तरांनी तोफ खाली ठेवली. त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं.

"डॉक्टर, तुमच्या दवाखान्यात तुम्हाला असं कुणी करतं का हो?"

डॉक्टर म्हणाले, "दवाखान्यात मी आ करायला लावतो. म्हणून तिथे बरं असतं."

"आमच्याकडे हे रोजचं आहे."

"अकरा पानं," डॉक्टर म्हणाले. "मी परवा वाचायला घेतली आणि मला आमच्या परीक्षेची आठवण झाली."

"आपल्या वेळी एक टेप होता. काय वाईट होतं?"

"काही नाही. तुम्ही बुटापासून मापत होतात, एवढंच."

"आणि तुम्ही नाकापासून."

"नाकापासूनच मापतात हो," डॉक्टर म्हणाले आणि दोघं हसले. मग डॉक्टर फार आदबीने वळले. "वहिनी, तुम्ही दमला असाल. उन्हात कशाला बसता?"

"हो, तू जा खाली," पोस्टमास्तर म्हणाले. "आमचं आम्ही बघतो. आणि ती पानं इथेच राहू दे. म्हणजे, असू देत."

बाई उठल्या. महिनाभराची मेहनत, दोनशे सोळा चौकोन, बारा सह्या, एक दाढ. आणि स्वतःच्याच लढाईतून त्यांना बाहेर काढलं होतं, बादल्यांवर बसलेल्या सबंध इमारतीदेखत. विमावालीने सरकून वाट दिली, तीही जरा जास्तच सहानुभूतीने. बाई मान ताठ ठेवून जिना उतरल्या. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. घरात शिरून त्यांनी दार लावलं, आतल्या खोलीत गेल्या, पलंगावर बसल्या आणि समोरच्या घड्याळाकडे त्यांचं लक्ष गेलं.

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

घर रिकामं होतं. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. दाराशी कुणी नव्हतं. बाईंनी पाय वर घेतले. खिडकीतून गच्चीवरचे आवाज स्पष्ट ऐकू येत होते.

"तिरकं असो की सरळ, एकच धरू," डॉक्टर म्हणत होते.

"धरा. मग माझी टेकडी पण सोडा. नुसत्या स्पर्शाने काय होतंय?"

"सोडली."

बाईंनी डोळे मिटून मनातल्या मनात हिशेब केला. तिरकं एक धरलं, तर डॉक्टरांचे घोडे पाच खेपांत नदीच्या वळणावरून थेट यजमानांच्या तंबूत शिरतील. चार वाजायच्या आत खेळ आटोपेल आणि यजमान हरतील. वर जाऊन एक वाक्य सांगितलं असतं तर ते वाचले असते. चौतीस वर्षांत एकही चूक डोळ्यांखालून जाऊ न दिलेल्या ट्रेसरबाई कुशीवर वळल्या आणि त्यांनी ती जाऊ दिली.